सहाव्या सेमिस्टरची जोडी: फार्माकोकायनेटिक्स आणि बायोटेक्नॉलॉजी कसे शिकवावे

बी. फार्म.च्या सहाव्या सेमिस्टरमध्ये बायोफार्मास्युटिक्स अँड फार्माकोकायनेटिक्स आणि फार्मास्युटिकल बायोटेक्नॉलॉजी हे दोन विषय शेजारीशेजारी येतात. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१७ च्या अभ्यासक्रमात दोन्हींना प्रत्येकी ४५ तास आहेत. अंतिम परीक्षा ७५ गुणांची, अंतर्गत मूल्यमापन २५ गुणांचे, आणि प्रात्यक्षिक एकालाही नाही. त्याच सेमिस्टरमधल्या मेडिसिनल केमिस्ट्री, फार्माकॉलॉजी आणि हर्बल ड्रग टेक्नॉलॉजीला प्रयोगशाळा मिळते. या दोघांच्या वाट्याला फक्त फळा येतो. दोन्ही विषय विद्यार्थ्यांना अवघड वाटतात त्याचे निम्मे कारण इथेच आहे. रक्तातली औषधाची पातळी डोळ्यांना दिसत नाही, प्लास्मिडही दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टी नोट्स उतरवून समजत नाहीत.

उरलेले कारण वर्गात बसलेले असते. बारावीला गणित घेतलेले आणि जीवशास्त्र घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी या अभ्यासक्रमाला येतात. पहिल्या सेमिस्टरमध्ये एका गटाला रेमेडियल बायोलॉजी आणि दुसऱ्याला रेमेडियल मॅथेमॅटिक्स दिले जाते. सहाव्या सेमिस्टरपर्यंत ते विषय विसरलेले असतात, कमतरता मात्र तशाच राहिलेल्या असतात. लॉगॅरिदम आले की अर्धा वर्ग मान खाली घालतो. रेस्ट्रिक्शन एन्झाइम आले की उरलेला अर्धा. पहिल्याच आठवड्यात दहा मिनिटांची एक छोटी, बिनगुणांची चाचणी घ्यावी. लॉगचे दोन प्रश्न, डीएनएच्या जोड्या लावण्याचे दोन. त्यातून जोड्या पाडाव्यात: एक गणितवाला, एक जीवशास्त्रवाला. पुढचे सेमिस्टरभर उदाहरणे या जोडीनेच सोडवावीत. वर्षभराच्या जादा तासांपेक्षा या व्यवस्थेचा उपयोग अधिक होतो.

फार्माकोकायनेटिक्सच्या अभ्यासक्रमातला क्रम कागदावर सरळ दिसतो: शोषण आणि वितरण १० तास, उत्सर्जन व बायोअव्हेलेबिलिटी १०, एक-कंपार्टमेंट मॉडेल १०, बहुकंपार्टमेंट आणि पुनरावृत्त डोस ८, नॉनलिनियर ७. प्रत्यक्षात पहिली दोन युनिट्स वर्णनाची असल्याने ऐसपैस शिकवली जातात आणि गणिताची तिन्ही युनिट्स सबमिशनच्या गर्दीत उरकली जातात. म्हणून क्लिअरन्स, वितरणाचे आकारमान आणि अर्धायुष्य या तीन कल्पना पहिल्याच आठवड्यात, एकही सूत्र न लिहिता, हातात द्याव्यात. त्यासाठी एक बीकर पुरतो.

५०० मि.ली. पाण्यात खाण्याचा लाल रंग घालावा. दर मिनिटाला ५० मि.ली. पाणी काढून टाकावे आणि तेवढेच साधे पाणी घालून ढवळावे. काढलेले नमुने ओळीने परीक्षानळ्यांत लावावेत. सुरुवातीचा रंग १०० धरला तर पुढे ९०, ८१, ७२.९, ६५.६, ५९, ५३.१, ४७.८ असा उतरत जातो, म्हणजे सहाव्या आणि सातव्या फेरीच्या मध्ये रंग निम्मा होतो. आता प्रश्न विचारावा: दर फेरीला काय सारखे राहिले आणि काय बदलले? काढलेल्या पाण्याचे माप दर वेळी तेच होते, त्यातला रंग मात्र कमी कमी होत गेला. पहिली गोष्ट म्हणजे क्लिअरन्स, दुसरी म्हणजे उत्सर्जनाचा वेग. या दोन गोष्टींची गल्लत व्हायव्हात सर्वाधिक होते, आणि नळ्यांची ती ओळ एकदा पाहिलेला विद्यार्थी ती सहसा करत नाही.

दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग १००० मि.ली. पाण्यात करावा, काढायचे मात्र ५० मि.ली.च. या वेळी रंग निम्मा व्हायला तेरा-चौदा फेऱ्या लागतात. क्लिअरन्स तोच, आकारमान दुप्पट, अर्धायुष्य दुप्पट. अर्धायुष्य हा औषधाचा मूळ स्वभाव नसून क्लिअरन्स आणि आकारमान यांच्या भागाकारातून येणारी गोष्ट आहे, हे इथे आपोआप कळते. ०.६९३ चे सूत्र त्यानंतर फळ्यावर आले तर ते आधी पाहिलेल्या गोष्टीची नोंद वाटते.

तिसरा बीकर वितरणाच्या आकारमानासाठी. अर्धा लिटर पाण्यात १० मि.ग्रॅ. मिथिलीन ब्लू विरघळवावे. संहती लिटरला २० मि.ग्रॅ. असायला हवी. त्यात ॲक्टिव्हेटेड चारकोल घालून, ढवळून, गाळून कलरीमीटरवर मोजावे. समजा लिटरला २ मि.ग्रॅ. भरली. मात्रेला संहतीने भागले की उत्तर येते ५ लिटर, आणि बीकर तर अर्ध्या लिटरचा! वर्गात हसू पिकते, आणि डिगॉक्सिनचे आकारमान सुमारे ५०० लिटर कसे असू शकते हा प्रश्न तिथेच सुटतो. माणसाच्या शरीरात एकूण पाणी जेमतेम ४२ लिटर. उरलेला आकडा ऊतींनी धरून ठेवलेल्या औषधाचा. ‘आभासी’ हा शब्द पाठ करवून घेण्याची गरज मग राहत नाही.

यानंतर आलेख. सेमी-लॉग कागद आता मागवावा लागतो, तरी पहिले दोन आलेख हातानेच काढावेत. संगणकाची स्प्रेडशीट त्यानंतर. पहिले उदाहरण मुद्दाम गोड असावे. शिरेतून ५०० मि.ग्रॅ. दिले; १, ३ आणि ५ तासांनी संहती लिटरला १६, ८ आणि ४ मि.ग्रॅ. अर्धायुष्य दोन तास, हे वही न उघडता दिसते. रेषा मागे शून्य वेळेपर्यंत वाढवली की २२.६ मिळतात, मात्रेला त्याने भागले की आकारमान सुमारे २२ लिटर, आणि क्लिअरन्स तासाला सुमारे ७.७ लिटर. मग तेच आकडे थोडे विस्कटून द्यावेत: १५.१, ८.६, ३.९. आता रेषा सगळ्या बिंदूंतून जात नाही, आणि कोणती रेषा बरोबर यावर दोन बाकांमध्ये वाद होतो. तो वाद होऊ द्यावा. पाठ्यपुस्तकातले बिंदू नेहमी रेषेवर बसलेले असतात, रुग्णाच्या रक्तातले कधीच नसतात.

याच ठिकाणी २.३०३ चा गुंता सोडवावा. विद्यार्थी हा आकडा मंत्रासारखा वापरतात, आणि नैसर्गिक लॉग घेतला तरी त्याने गुणतात. दहाच्या पायाचा लॉग घेतला तर वरच्या उदाहरणातला उतार तासाला ०.१५०५ येतो, नैसर्गिक लॉग घेतला तर ०.३४६६. एकाच रेषेला दोन फूटपट्ट्या लावल्या, एवढाच फरक. एका फूटपट्टीवरून दुसरीवर जायला २.३०३ लागतो. हे एकदा दोन्ही पद्धतींनी करून घेतले की परीक्षेतल्या निम्म्या चुका थांबतात.

पुनरावृत्त डोससाठीसुद्धा सूत्राआधी अंकगणित यावे. दर अर्धायुष्याला १०० मि.ग्रॅ. दिले तर प्रत्येक डोसनंतर शरीरात १००, १५०, १७५, १८७.५, १९३.७५ असे साचत जाते आणि २०० च्या उंबरठ्यावर थांबते. स्थिर पातळीला चार-पाच अर्धायुष्ये लागतात, हे विद्यार्थी स्वतःच शोधतात. पहिलाच डोस २०० चा दिला तर वाट पाहावी लागत नाही, हेही. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या उपचारात वजनाच्या दर किलोला १०, १० आणि ५ मि.ग्रॅ. असा उतरता क्रम का, याचा विचार मग वर्ग करू शकतो. डेरिव्हेशनमधली भूमितीय श्रेणी यानंतर लिहावी. डेरिव्हेशन टाळू नये, परीक्षेत ते येतेच. फक्त ते सुरुवातीला येऊ नये.

बायोअव्हेलेबिलिटी आणि नॉनलिनियर हे भाग अभ्यासक्रमात दूरदूर असले तरी फेनिटोइन त्यांना एकत्र आणते. ब्रिस्बेनमध्ये १९६८ च्या सुमारास फेनिटोइनच्या कॅप्सूलमधला निष्क्रिय घटक बदलला. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आले. औषधाची मात्रा तीच होती, तरी अनेक रुग्णांमध्ये विषबाधेची लक्षणे दिसू लागली, कारण आता औषध जास्त शोषले जात होते. एवढी कथा दुसऱ्या युनिटमध्ये सांगावी आणि एक प्रश्न लटकत ठेवावा: शोषण थोडे वाढले तर परिणाम एवढा मोठा का?

उत्तर पाचव्या युनिटमध्ये द्यावे, आकड्यांनी. सोडियम क्षाराचा हिशेब बाजूला ठेवून ६० किलोच्या रुग्णात फेनिटोइनचा जास्तीत जास्त चयापचय दिवसाला ४२० मि.ग्रॅ. आणि मायकेलिस स्थिरांक लिटरला ४ मि.ग्रॅ. धरावा. दिवसाला ३०० मि.ग्रॅ. दिल्यास स्थिर पातळी १० येते. ३५० दिल्यास २०. ४०० दिल्यास ८०. उपचाराची योग्य पट्टी १० ते २० ची. पन्नास मि.ग्रॅ.ने पातळी दुप्पट झाली आणि पुढच्या पन्नासने चौपट. हे तीन आकडे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावेत. शिक्षकाने सांगितले तर त्यातला धक्का जातो. ब्रिस्बेनचा प्रश्न मग वेगळा सोडवावा लागत नाही.

एक जुनी प्रथा मात्र सोडून द्यावी. विद्यार्थ्यांनाच औषध किंवा जीवनसत्त्वाची गोळी देऊन लघवीचे वा लाळेचे नमुने मोजण्याचा प्रयोग काही ठिकाणी हौसेने केला जात असे. मानवी सहभागाचा कोणताही अभ्यास नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय करू नये, आणि वर्गातल्या विद्यार्थ्याची संमती ही तशीही मोकळी संमती नसते. शिकवण्यासाठी रचलेले आकडे आणि तीन बीकर पुरेसे आहेत.

बायोटेक्नॉलॉजीची अडचण उलटी आहे. इथे सूत्रे नाहीत. नावांचा ढीग आहे. एन्झाइम, व्हेक्टर, ब्लॉटिंगचे प्रकार, हायब्रिडोमा, लसी. विद्यार्थी आकृत्या सुंदर काढतात, पण या टप्प्यावर हा एन्झाइम का घेतला, असे विचारले की गप्प होतात. यावर उपाय कात्री आणि कागदाच्या पट्ट्या. लाल आणि निळ्या कागदाच्या लांब पट्ट्यांवर दोन्ही साखळ्यांची अक्षरे लिहावीत आणि मध्ये जी-ए-ए-टी-टी-सी हा क्रम ठेवावा. इकोआरआय जी आणि ए यांच्यामध्ये कापतो, तोही दोन्ही साखळ्यांत तसाच, त्यामुळे नागमोडी काप पडून ए-ए-टी-टी अशी चिकट टोके सुटतात. लाल पट्टीचे टोक निळ्या पट्टीला बसते. चिकटपट्टी म्हणजे लायगेझ.

हिंडथ्रीने कापलेले टोक त्याला बसत नाही, हे हातानेच कळते. मग कोडे टाकावे: बामएचवन आणि बीजीएलटू यांचे क्रम वेगळे, तरी टोके जुळतात, पण जोडल्यावर तीच जागा दोघांपैकी कोणालाही पुन्हा कापता येत नाही, असे का? पट्टी जोडून अक्षरे वाचली की उत्तर समोर असते. पट्टीवर प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक रंगवले आणि ते कापले गेले तर जिवाणू कसे निवडायचे असे विचारले, की पीबीआर३२२ सारख्या प्लास्मिडमध्ये अशी दोन जनुके कशाला ठेवली होती तेही उलगडते.

प्रात्यक्षिक नसले तरी एक प्रयोग साध्या प्रयोगशाळेत एका तासात होतो. एन्झाइम इमोबिलायझेशनसाठी बेकरीचे यीस्ट दोन-तीन टक्के सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात मिसळून सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडावे. साबुदाण्यासारखे मणी तयार होतात. ते साखरेच्या पाण्यात ठेवून काही वेळाने बेनेडिक्टची चाचणी घ्यावी. यीस्टमधल्या इन्व्हर्टेझने साखरेचे विघटन केलेले दिसते. मणी धुऊन पुन्हा वापरावेत, आणि एन्झाइम अडकवण्याचा फायदा विद्यार्थ्यांनीच सांगावा. काही मणी फॉस्फेट बफरमध्ये टाकून ठेवावेत. ते विरघळू लागतात, कारण फॉस्फेट त्यांतले कॅल्शियम ओढून घेते. बफर निवडताना असा विचार करावा लागतो, हे पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपेक्षा त्या विरघळणाऱ्या मण्यांमुळे लक्षात राहते.

हे दोन विषय दोन शिक्षक शिकवत असतील तर त्यांनी सेमिस्टरच्या मध्यावर एक आठवडा ठरवून एकच औषध घ्यावे. त्यासाठी इन्सुलिनइतके सोयीचे दुसरे नाही. १९२१ मध्ये टोरोंटोत ते वेगळे केले गेले आणि पुढची साठ वर्षे गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले गेले. १९७८ मध्ये जेनेनटेकच्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिन इ. कोलायमध्ये बनवले, १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. इथे बायोटेक्नॉलॉजीच्या शिक्षकाने एका तपशिलावर थांबावे. ए आणि बी साखळ्या वेगवेगळ्या बनवल्या होत्या, प्रत्येक बीटा-गॅलॅक्टोसिडेझला जोडून, आणि मेथिओनिनच्या जागी सायनोजेन ब्रोमाइडने कापून सुटी केली होती. हा डाव जमला, कारण इन्सुलिनमध्ये एकही मेथिओनिन नाही. ‘कापायचे कुठे’ हा पट्ट्यांच्या खेळातला प्रश्नच इथे प्रथिनाच्या पातळीवर येतो. भारतात वोक्हार्टने २००३ मध्ये आणि बायोकॉनने २००४ मध्ये रिकॉम्बिनंट इन्सुलिन बाजारात आणले, दोघांनीही यीस्ट वापरून. इ. कोलाय सोडून यीस्ट का, यावर वर्गाने अर्धा तास घालवावा.

त्याच आठवड्यात फार्माकोकायनेटिक्सच्या तासाला प्रश्न असा: शिरेतून दिलेल्या इन्सुलिनचे अर्धायुष्य पाच-सहा मिनिटांचे, मग त्वचेखाली टोचलेले तासन्‌तास कसे टिकते? झिंकभोवती सहा-सहा रेणूंचे गट बांधलेले असतात, ते सुटे होईपर्यंत शोषण होत नाही, आणि शोषण उत्सर्जनापेक्षा संथ असल्याने आलेखाचा उतरता भाग प्रत्यक्षात शोषणाचा वेग दाखवतो. फ्लिप-फ्लॉप ही कल्पना शिकवायला यापेक्षा सोपे उदाहरण मिळणार नाही. मग दोन्ही तास एकत्र येतात. लिस्प्रोमध्ये बी साखळीवरच्या २८ आणि २९ व्या अमिनो आम्लांची अदलाबदल केली, गट लवकर सुटू लागले, पातळी लवकर चढली. ग्लार्जिनमध्ये ए साखळीच्या २१ व्या जागी ग्लायसिन आणले आणि बी साखळीच्या टोकाला दोन आर्जिनिन जोडले. बाटलीतल्या आम्लधर्मी द्रावणात ते विरघळते, त्वचेखाली साका होऊन बसते आणि हळूहळू सुटते. जनुकात केलेला बदल संहतीच्या आलेखात कसा उमटतो, हे विद्यार्थ्यांनी तीन रंगांत काढून दाखवावे. फिलग्रास्टिमचे अर्धायुष्य साडेतीन तासांच्या आसपास आणि पेग जोडल्यावर १५ ते ८० तास, हे गृहपाठ म्हणून द्यावे. मूत्रपिंडाकडची वाट बंद झाली तर उत्सर्जन कोण करते, हा त्यातला खरा प्रश्न.

मोनोक्लोनल अँटिबॉडीकडे यानंतरच वळावे. ॲस्पिरिनचा रेणुभार १८०, इन्सुलिनचा सुमारे ५,८००, अँटिबॉडीचा दीड लाख. एवढा मोठा रेणू तोंडाने देता येत नाही, मूत्रपिंडातून गाळला जात नाही, यकृताच्या सायटोक्रोम एन्झाइमांशी त्याचे देणेघेणे नाही, आणि वितरणाचे आकारमान रक्तद्रवाच्या जवळपासच राहते. तरी अर्धायुष्य तीन आठवडे, कारण पेशींमधला एफसीआरएन हा रिसेप्टर आयजीजीला विघटनापासून वाचवून पुन्हा रक्तात सोडतो. पहिल्या दोन युनिट्समध्ये पाठ केलेले नियम एकेक करून इथे लावून पाहावेत. कोणता लागू पडतो, कोणता नाही, आणि का. अर्ध्या तासात पुनरावलोकन होऊन जाते.

प्रश्नपत्रिकाही या पद्धतीला साजेशी हवी, निदान सेशनलची. क्लिअरन्सची व्याख्या विचारण्याऐवजी असे विचारावे: मूत्रपिंडातूनच बाहेर पडणाऱ्या औषधाचा क्लिअरन्स एका रुग्णात निम्मा झाला, आकारमान तेच राहिले, अर्धायुष्य, स्थिर पातळी आणि लोडिंग डोस यांचे काय होईल? पहिल्या दोन गोष्टी दुप्पट होतात आणि तिसरी बदलत नाही. तिसऱ्या भागात निम्मा वर्ग चुकतो, आणि चुकलेल्यांनाच परत त्या बीकरकडे नेता येते. बायोटेक्नॉलॉजीत पीसीआरचे टप्पे लिहायला सांगण्याऐवजी एक बिघडलेला प्रयोग द्यावा: सर्व वसाहतींमध्ये प्लास्मिड आहे, पण हवे ते जनुक एकातही नाही, चूक कुठे झाली असेल? उत्तर एकच नसते, त्यामुळे तपासायला वेळ लागतो. मोठ्या वर्गात अशा प्रश्नांची संख्या एक-दोनच ठेवावी.

शेवटच्या आठवड्यात वेळ उरला तर कार-टी पेशींवर एक तास द्यावा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली, त्यामुळे हा विषय महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या अगदी घराजवळचा आहे. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांच्या जनुकांत बदल करून परत दिल्या जातात, आणि त्या शरीरात वाढतात. एकच डोस दिल्यावर पातळी उतरण्याऐवजी चढते, साधारण एक-दोन आठवड्यांनी शिखराला पोहोचते आणि मग उतरते, मोजमाप मि.ग्रॅ.मध्ये नसून रक्तातल्या डीएनएमध्ये त्या जनुकाच्या किती प्रती सापडतात यावर असते. विद्यार्थ्यांना सेमी-लॉग कागद देऊन हा आलेख अंदाजाने काढायला सांगावे. नंतर एकेक शब्द घ्यावा: मात्रा, आकारमान, क्लिअरन्स, अर्धायुष्य. सेमिस्टरच्या सुरुवातीला बीकरमध्ये सरळ बसलेले हे शब्द इथे कुठे बसतात आणि कुठे अडखळतात, हे ठरवण्याचे काम जोडीजोडीने वर्गावर सोपवावे.